पावसाळ्यात तोरणाला पाणी का सुटते?

प्रश्न : गेल्या वर्षी मैदा आणि मीठ भिजवून आंब्याची पाने केली, ती रंगवली आणि गणपतीला चौकटीवर तोरण बांधले. दुसऱ्याच दिवशी पाने हाताला ओलसर लागू लागली, आणि गौरी जेवायच्या दिवशी दोन पाने भोकापाशी फाटून खाली पडली. उंबरठ्यावर हिरवा ओघळ आला तो वेगळाच. माझे प्रमाण चुकले का? – एक वाचक भगिनी, खानापूर

उत्तर : ताई, प्रमाण चुकले असे मला वाटत नाही, चुकला तो महिना. हवेतील आर्द्रता साधारण 75 टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलेच पाणी ओढून घेते आणि त्यात विरघळू लागते. ओट्यावरच्या बरणीतले मीठ पावसाळ्यात जसे पाझरते तसेच तुमच्या पानांचे झाले, आणि खानापूरकडच्या भाद्रपदात तर भिंतीलासुद्धा ओल असते. त्यातून आपण पानाची पुढची बाजू हौसेने रंगवतो आणि पाठ व दोऱ्याचे भोक तसेच कोरे सोडतो. पाणी शिरते ते तेथूनच.

हे तोरण दिवाळीसाठी करावे. दोन वाट्या मैदा आणि एक वाटी बारीक मीठ एकत्र करून त्यात पाऊण वाटी पाणी घालावे. पुढे लागेल तसे चमच्याचमच्याने वाढवावे आणि पुरीच्या कणकेइतके घट्ट भिजवून दहा मिनिटे चांगले मळावे. पाने अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा जाड लाटू नयेत, भोके ओले असतानाच पाडावीत, आणि रोज उलटवीत तीन-चार दिवस कडक उन्हात वाळवावीत. नखाने टकटक केल्यावर खापरीसारखा आवाज आला म्हणजे पान आतपर्यंत वाळले. आवाज बद्द आला तर रंगाची घाई करू नये. रंग वाळल्यावर दोन्ही बाजूंना, कडांना आणि भोकाच्या आतूनही व्हार्निशचे दोन हात द्यावेत. तुटलेली पाने मात्र अंगणात टाकू नयेत, कारण एवढे मीठ पोटात गेले तर कुत्र्याच्या जिवावर बेतू शकते.

गणपतीसाठी, माझे ऐकाल तर, शिंप्याकडून खणाच्या चिंध्या आणाव्यात, पुठ्ठ्याच्या पानावर ताणून त्या मागून टाके घालून शिवाव्यात. पिठाची खळ वापरू नये. तिला बुरशी आणि झुरळे दोन्ही लागतात.

प्रश्न : घरी केलेला कुंदा गरम असताना छान लागतो, पण सकाळपर्यंत दगड होतो. – एक वाचक, शहापूर, बेळगाव

उत्तर : कुंदा, म्हणजे आपली बेळगावकडची आटीव दुधाची मिठाई, गार होताना आणखी घट्ट होतो, हे गॅस बंद करतानाच लक्षात ठेवायचे असते. एक लिटर सायीचे दूध जाड बुडाच्या कढईत निम्म्यापर्यंत आटवावे, मग एक मोठा चमचा दही घालावे म्हणजे रवा धरतो. दुसऱ्या भांड्यात तीन-चार चमचे साखर कोरडीच वितळवून मधासारखी लालसर करावी आणि ती दुधात बेताने सोडावी, कारण दूध त्या क्षणी उसळते. कुंद्याचा रंग आणि तो किंचित कडसर वास याच साखरेचा असतो. उरलेली साखर, साधारण अर्धी वाटी, नंतर घालून मंद आचेवर ढवळत राहावे. कढईच्या कडा सुटू लागल्या, पण मधला भाग अजून ओलसर चमकतो आहे, त्या वेळी कढई उतरवावी. आपण बहुतेक जण पाणी पूर्ण आटेपर्यंत थांबतो आणि तेथेच फसतो. दगड झालेला कुंदा टाकू नये. दोन-तीन चमचे दूध शिंपडून झाकण ठेवावे आणि मंद वाफ द्यावी, तो बराच सावरतो.

प्रश्न : खानापूरहून मातीचे कालवणाचे मडके आणले आहे. ते लगेच चुलीवर ठेवावे का? – एक वाचक भगिनी, निपाणी

उत्तर : लगेच ठेवू नये. मडके रात्रभर पाण्यात बुडवून ठेवावे, सावलीत पूर्ण सुकवावे, आतून तेलाचा हात फिरवावा आणि पहिल्यांदा त्यात भाताची पेज मंद आचेवर उकळावी. पेजेतील पिठूळपणाने बारीक छिद्रे बुजतात. तापलेल्या मडक्यात गार पाणी ओतू नये, आणि ते साबणाने धुऊ नये, कारण माती साबण पिते आणि पुढच्या आमटीला तोच वास येतो. राख किंवा तांदळाचे पीठ आणि काथ्या एवढे पुरते.