‘विकायचा नव्हता’ हे सिद्ध केलं, तर मुलगा सुटेल?

प्रश्न: माझा मुलगा पुण्यात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तिघे मित्र भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतात. पोलिसांनी रात्री छापा घालून त्याच्या कपाटातून १ किलो १८० ग्रॅम गांजा, छोटा वजनकाटा आणि प्लास्टिकच्या पिशव्या जप्त केल्या. एनडीपीएसची, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याची, ८(क), २०(ब) आणि २९ ही कलमं लावली आहेत. तो म्हणतो, गांजा आम्हीच ओढायचो. हे कोर्टात सांगितलं तर सुटेल का?
– एक वडील, सांगली

उत्तर: तुमची घालमेल समजते, पण हे वाक्य घाईने कोर्टात मांडू नका. त्याने ताबा कबूल केल्यासारखं होतं, वर सेवनाचं कलम २७ अंगावर येतं. आणि गांजाचं वजन तेवढंच राहतं.

‘जवळ बाळगणं’ हलकं आणि ‘विकायला ठेवणं’ भारी, ही समजूत परदेशी मालिका पाहून झालेली असते. थोडी जुन्या कायद्यातूनही आली आहे. २००१ पर्यंत माल थोडा आणि स्वतःपुरता होता, हे आरोपीने दाखवलं तर शिक्षा खूप कमी व्हायची. त्या वर्षीच्या दुरुस्तीनंतर शिक्षा ठरते ती वजनावर. बाळगणं, विकणं, विकत घेणं, नेणं या सगळ्याला कलम २०(ब) मध्ये एकच माप आहे. गांजा १ किलोपेक्षा कमी म्हणजे अल्प प्रमाण असेल तर जास्तीत जास्त १ वर्ष, २० किलोपेक्षा जास्त म्हणजे व्यापारी प्रमाण असेल तर किमान १० वर्षं, आणि मधल्या प्रमाणाला १० वर्षांपर्यंत. तुमचा मुलगा या मधल्या पट्टीत अडकलाय, तोही १८० ग्रॅमने.

म्हणून वकिलांना आधी पंचनामा वाचायला सांगा. कायद्याच्या व्याख्येत गांजा म्हणजे झाडाचे फुलांचे किंवा फळांचे शेंडे. शेंड्यांबरोबर नसलेली पानं आणि बिया त्यात धरत नाहीत. पंचनाम्यात ‘पाने, बिया, काड्यांसह’ असं लिहिलेलं असेल आणि सगळं एकत्र मोजलं असेल, तर १ किलोच्या खाली येण्याचा मुद्दा तिथेच आहे. माल ओला होता का, पिशवीसकट तोलला का, नमुने कलम ५२अ प्रमाणे मॅजिस्ट्रेटसमोर काढले का, हेही पाहा. ‘एवढ्याशा फरकाने काय होतंय’ असं म्हणणारे वकील मी पाहिलेत. इथे १ वर्ष आणि १० वर्षं यांच्यामध्ये तो एवढासाच फरक उभा आहे.

पुढचा मुद्दा ताब्याचा. कपाट एकट्याचं की तिघांचं, कुलूप होतं का, किल्ली कोणाकडे? कलम ५० मधला, मॅजिस्ट्रेट किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर झडती घेण्याचा हक्क अंगझडतीपुरता आहे. कपाटाला तो लागू होत नाही. मात्र सूर्यास्तानंतर वॉरंटशिवाय घरात शिरायचं तर कलम ४२ प्रमाणे कारणं लिहून ठेवावी लागतात. ती नोंद मागवा.

मग काटा आणि पिशव्यांना अर्थच नाही का? आहे. जामिनाच्या वेळी सरकारी वकील त्यांच्याकडेच बोट दाखवतील. शिवाय मित्रांनी यूपीआयवर पाठवलेले पैसे दाखवून कलम २७अ, म्हणजे अवैध व्यापाराला पैसा पुरवणं, वाढवलं जातंय का यावर लक्ष ठेवा. ते लागलं की कलम ३७ चे जामिनाचे कडक निकष येतात. मधल्या प्रमाणाला एरवी ते नाहीत. स्वतः ओढण्यासाठीच्या मालाचे पैसे देणं म्हणजे अवैध व्यापाराला पैसा पुरवणं नव्हे, हे मुंबई उच्च न्यायालयाने २०२० मध्ये रिया चक्रवर्ती प्रकरणात जामीन देताना म्हटलंय. तो निकाल वकिलांच्या फाइलमध्ये असू द्या. त्याच निकालात एनडीपीएसचे सगळे गुन्हे अजामीनपात्र धरलेत, त्यामुळे पोलीस ठाण्यातून सोडवून आणतो म्हणणाऱ्या ओळखीच्या माणसाला चहा पाजून परत पाठवा.

मित्रांना मोबाइलमधले चॅट पुसू नका म्हणावं. तो वेगळा गुन्हा होईल.

वजन खरंच १ किलोच्या आत आलं आणि मुलाला व्यसन असेल, तर कलम ६४अ आहे. सरकारमान्य केंद्रात स्वतःहून उपचार घेतले, तर अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात खटल्यातून संरक्षण मिळतं. उपचार अर्धवट सोडले तर ते काढूनही घेता येतं. मुलाशी याबद्दल बोला, पण वकिलांनी वजनाचा मुद्दा तपासल्यावर.