जाड फ्यूज घालू देऊ नका

वळवाच्या पावसात लाईट गेली-आली आणि तुमच्या चिकोडीच्या दुकानातला लेझर प्रिंटर मेला. नवा फ्यूज स्विच दाबताच उडाला, आता मेकॅनिक जाड, म्हणजे जास्त अँपिअरचा, फ्यूज घालतो म्हणतोय, असं तुम्ही लिहिलंय. वाचून आमचं खानापूरचं दुकान आठवलं, म्हणून सविस्तर लिहितो. मी इंजिनियर नाही, झेरॉक्सवाला आहे. प्रिंटरच्या आतला पॉवर सप्लायचा बोर्ड जाणकाराकडूनच उघडून घ्या.

नवा फ्यूज लगेच उडतो म्हणजे पुढे काहीतरी शॉर्ट आहे. एसीचा डीसी करणाऱ्या ब्रिजनंतर, वीज साठवणाऱ्या मोठ्या कॅपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट डीसी असतात, प्लग काढल्यावरही काही वेळ राहतात. मॉसफेट म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विच, तो हा दाब (व्होल्टेज) सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करतो आणि छोट्या ट्रान्सफॉर्मरमधून मोटारींना बहुधा २४ व्होल्ट मिळतात. बहुतेक वेळा हा मॉसफेट, ब्रिज किंवा एमओव्ही गेलेला असतो. एमओव्ही म्हणजे फ्यूजजवळची ती चपटी गोल चकती. दाब फार वाढला की ती स्वतः करंट ओढते, फ्यूज उडवते आणि पुढचं वाचवते. काम करून ती फुटली, तर तिच्या जागी नवी बसलीच पाहिजे.

आमच्या सर्व्हिसवाल्यांनी काय केलं? फुटलेली चकती कापून टाकली आणि फ्यूजच्या जागी तार डकवली. बिलावर फक्त ‘पॉवर सप्लाय रिपेअर’. प्रिंटर चालला, आम्ही निश्चिंत. पुढच्या वळवात खांबावरचा न्यूट्रल, म्हणजे करंट परत नेणारी तार, सुटला, आणि तसं झालं की २३० च्या जागी ४०० च्या जवळपास दाब येऊ शकतो. अडवायला काही उरलंच नव्हतं. कॅपॅसिटर फुटला, ब्रिज आणि मॉसफेट जळाले, बोर्डाचे ट्रॅक कोळसा झाले. शाळांचे अर्ज भरायचे दिवस, दारात रांग, आणि तेच लोक म्हणाले, ‘नवीनच घ्या.’ तार कोणी डकवली, हे लिहून द्यायलाही तयार नव्हते. अजून संताप येतो.

तर जुना फ्यूज मागून घ्या. काच आतून काळी-चंदेरी झाली असेल तर जबर शॉर्ट. नवा फ्यूज बोर्डावर छापलेल्या अँपिअरचाच आणि ‘टी’ खुणेचा असेल तर तसाच, स्लो. चालू करतानाचा झटका त्याला सोसायचा असतो. दुरुस्तीनंतर बोर्ड सुटा काढून सिरीज बल्बवर, म्हणजे मेनच्या वाटेत एक बल्ब जोडून, तपासायला लावा. बल्ब क्षणभर चमकून मंदावला तर ठीक. भक्क पेटून राहिला तर शॉर्ट अजून आहे. माझं मत विचाराल तर बोर्ड तयार मिळत असेल तर तोच घ्या.

आणखी एक, लेझर प्रिंटर छोट्या यूपीएसवर लावू नका. फ्यूजरचा, म्हणजे टोनर कागदावर तापवून पक्का करणाऱ्या भागाचा, हीटर थेट मेनवर चालतो, त्याचा भार त्या डब्याला पेलत नाही. बॉडीला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग आधी बघा.

तुमचा प्रिंटर गेला त्या दिवशी शेजारच्या दुकानांत बल्ब एकदम लख्ख झाले होते का, तेही विचारा. झाले असतील तर लाईनमनकडून न्यूट्रल घट्ट करून घ्या, मगच नवा बोर्ड लावा.