चित्रपुस्तक : आधी शब्द की चित्रे?

प्रश्न : मी पंचवटीत राहते आणि चित्रकला शिकवते. गोदावरीच्या पुरावर लहान मुलांसाठी एक चित्रपुस्तक करावे, लेखन आणि चित्रे दोन्ही मीच करावीत, असे मनात आहे. सुरुवात मजकुरापासून करावी की चित्रांपासून?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : दोन्हींच्या आधी पाने मोजावीत. छपाईचा मोठा कागद दुमडून ८ किंवा १६ पानांचे फर्मे होतात, म्हणून चित्रपुस्तके बहुधा ३२ पानांची असतात, आणि त्यातून शीर्षकाची पाने वजा केली की गोष्टीला समोरासमोरच्या पानांच्या जेमतेम १४ जोड्या उरतात. तेवढ्याच पानांची कच्ची वही शिवून पान कोठे उलटेल हे ठरवावे, कारण मुलाची उत्सुकता त्याच जागी ताणली जाते. तुमच्या विषयात तर ही सोय आयतीच आहे : नाशिककर पूर ज्याच्यावरून मोजतात त्या नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत, छातीपर्यंत पानागणिक चढणारे पाणी. ते चित्रात दिसत असताना वाक्याने पुन्हा सांगू नये. लेखक आणि चित्रकार एकच असल्याचा खरा लाभ हाच, की स्वतःचे वाक्य खोडताना कोणाची समजूत काढावी लागत नाही.

प्रकाशकांच्या नकाराची धास्ती नको. इंग्रज लेखिका-चित्रकार बिआट्रिक्स पॉटर यांनी १८९३ मध्ये एका आजारी मुलाला सचित्र पत्रातून सांगितलेली सशाची गोष्ट प्रकाशकांनी नाकारली, तेव्हा १९०१ मध्ये त्यांनी स्वखर्चाने २५० प्रती छापल्या. पुढच्याच वर्षी ती रंगीत चित्रांसह रीतसर प्रकाशित झाली.