मैत्रीण श्रद्धाळू, मी नास्तिक : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ताई, आम्ही दोघी कॉलेजपासूनच्या मैत्रिणी. ती खूप श्रद्धाळू आणि मी अजिबात देव मानत नाही. इतकी वर्षं याचा कधी प्रॉब्लेम आला नाही, म्हणजे खरं तर आम्ही तो विषयच काढायचो नाही. मागे बाबा आयसीयूमध्ये होते तेव्हा ती रोज मेसेज करायची की मी त्यांच्यासाठी प्रार्थना करतेय, आणि एक दिवस मी वैतागून लिहिलं की प्रार्थनेने काही होत नसतं, जे करायचं ते डॉक्टर करतायत. त्यावर तिचं काही उत्तर आलं नाही. बाबा बरे झाले, ती घरी येऊन भेटून पण गेली, पण तेव्हापासून बोलताना दोघी सांभाळून बोलतो. मी खोटं काही बोलले नव्हते ना? की इतकी वेगळी मतं असली की मैत्री एका मर्यादेपर्यंतच जाते?

उत्तर : खोटं नव्हतंच. दुसऱ्या कोणी केलेल्या प्रार्थनेने पेशंटला फरक पडतो का हे तपासून झालंय. २००६ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष आले, बायपास झालेले १८०२ पेशंट त्यात होते, काहींसाठी अनोळखी लोकांनी प्रार्थना केली आणि काहींसाठी नाही, आणि ऑपरेशननंतरच्या कॉम्प्लिकेशन्समध्ये प्रार्थनेचा काही फायदा दिसला नाही. उलट आपल्यासाठी नक्की प्रार्थना चालू आहे हे ज्यांना सांगितलं होतं त्यांच्यात कॉम्प्लिकेशन्स थोडी जास्तच निघाली. पण तुमची मैत्रीण तुम्हाला उपचार सुचवत नव्हती हो. बाबांचं काय होईल या भीतीत तुम्ही एकट्या नाही, रोज दिवसातला काही वेळ मी फक्त तुमचाच विचार करते, हे ती सांगत होती. तुमचं उत्तर बरोबर होतं, पण तिने तो प्रश्न विचारलाच नव्हता.

इथे एक गोष्ट मात्र करू नका. बरेच नास्तिक लोक मोठ्या मनाने म्हणतात की ठीक आहे, तिला त्यातून मानसिक आधार मिळतो, मिळू दे. ऐकायला हे समजूतदार वाटतं पण ज्याच्याबद्दल बोलतोय त्याला ते फार लागतं, कारण तिला नुसता आधार मिळत नाहीये, कोणीतरी खरोखर ऐकतंय असं ती मानते. तुम्हाला ते पटायची काहीच गरज नाही, पण ती जे मानते ते तिच्याच अर्थाने मानते एवढं तिला द्या. मग लक्षात येईल की तिच्याकडे जे सगळ्यात मोलाचं होतं ते ती तुमच्या बाबांसाठी रोज वापरत होती, आणि तुम्ही ते बिनकामाचं आहे म्हणून परत पाठवलंत. ती गप्प बसली ती त्यामुळे, असं मला वाटतं.

आता तुमची बाजू. आयसीयूच्या बाहेर रात्र रात्र बसलेल्या माणसाला प्रार्थनेच्या मेसेजचा त्रास होऊ शकतो, तो खरा त्रास आहे आणि तो सांगायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. फक्त प्रार्थना खरी की खोटी यात जाऊ नका, तुम्हाला काय हवं ते सांगा. प्रार्थना तू जरूर कर पण मला मेसेज करण्यापेक्षा संध्याकाळी फोन कर, किंवा तासभर माझ्याजवळ येऊन बस, एवढं म्हटलं की पुरे. जवळच्या माणसाला नेमकं काय करू ते कळत नाही तेव्हा त्याला स्वतःला जे येतं तेच तो करतो, श्रद्धाळू असो नाहीतर नसो. तुम्ही तिच्या वाईट काळात तिला डॉक्टरांची नावं आणि रिपोर्ट कसे वाचायचे हेच पाठवलं असतं की नाही? आणि तिला कदाचित त्या वेळी वेगळंच काही हवं असतं.

मर्यादेबद्दल विचारलंय तुम्ही. मला अडचण मतांपेक्षा तुम्ही तो विषय कधीच काढला नाही यात दिसते. चार्ल्स डार्विन ज्या गावात राहायचा तिथला पाद्री जॉन ब्रोडी इनिस हा त्याचा जवळचा मित्र. १८५९ साली डार्विनचं उत्क्रांतीवरचं पुस्तक आलं आणि चर्चमधल्या कितीतरी लोकांना ते झोंबलं, डार्विनचा स्वतःचा ख्रिस्ती धर्मावरचा विश्वास तर त्याच्या आधीच उडाला होता. तरी चर्चच्या गावातल्या मदतनिधीच्या कामात डार्विन इनिसच्या बरोबर असायचा, आणि इनिस गाव सोडून गेल्यावरही दोघांची पत्रं चालू राहिली. डार्विन म्हणायचा की तीस वर्षांच्या दोस्तीत आमचं पूर्ण एकमत एकदाच झालं, आणि तेव्हा आम्ही एकमेकांकडे टक लावून बघत राहिलो की दोघांपैकी कोण आजारी पडलंय! म्हणजे मतभेद दोघांना तोंडपाठ होते. तुमच्या दोघींमध्ये मात्र या विषयावरचं पहिलंच वाक्य बोललं गेलं ते आयसीयूच्या दारात, सगळ्यात वाईट वेळेला. म्हणून आता तिला भेटा आणि त्या मेसेजबद्दल तुम्हीच बोला, आणि मग तिला विचारा की ती प्रार्थना करते म्हणजे नक्की काय करते. वाद घालायला नाही, माहीत नाही म्हणून विचारा. इतक्या वर्षांत तुम्ही तिला हे विचारलंच नसणार.

प्रश्न : माझा लहानपणापासूनचा मित्र, आम्ही दोघं एकाच धर्मात वाढलो, हल्ली त्याने सगळं सोडलंय आणि उघडपणे तसं सांगतो. माझी श्रद्धा पक्की आहे. त्याला परत आणणं हे माझं कर्तव्य आहे असं मला मनापासून वाटतं, नाहीतर मी कसला मित्र. पण मी विषय काढला की तो भेटायचं टाळतो. काय करू?

उत्तर : तुमची तळमळ खरी आहे आणि मी तिला हसणार नाही. ज्याला वाटतं की मित्राचं फार मोठं काहीतरी हरवतंय त्याने गप्प बसावं ही अपेक्षाच चुकीची आहे. पण एकदा, स्वच्छ, समोर बसवून बोला. मला तुझी काळजी का वाटते ते सगळं सांगा, मग त्याने का सोडलं ते मधे न बोलता ऐका, आणि त्यानंतर तो स्वतः काढेपर्यंत तो विषय बंद. कारण प्रत्येक भेटीत आता हा कधी सुरू करणार याची वाट बघत बसावं लागलं तर माणूस भेटायचंच बंद करतो, तुमचा मित्र तेच करतोय. धर्म बदलायचं स्वातंत्र्य संयुक्त राष्ट्रांच्या १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात कलम १८ मध्ये स्पष्ट लिहिलंय, पण कागदावर दिलेलं स्वातंत्र्य मित्राने पण दिलं तरच ते रोजच्या जगण्यात उतरतं.

गोरा म्हणजे गोपाराजू रामचंद्र राव, आंध्रातले कट्टर नास्तिक कार्यकर्ते. ते १९४४ मध्ये सेवाग्रामला गांधीजींना भेटले. गांधीजींपेक्षा पक्की श्रद्धा असलेला माणूस शोधून सापडणार नाही, आणि तरी त्यांनी गोरांना सांगितलं की माझा आस्तिकपणा बरोबर आणि तुमचा नास्तिकपणा चूक असं मी म्हणू शकत नाही, आपण दोघंही सत्य शोधतोय. अस्पृश्यता संपवायच्या कामात दोघं बरोबर होते. गोरांच्या मुलीचं लग्न एका दलित तरुणाशी आश्रमात लावायचं ठरलं तेव्हा विधीत ईश्वराच्या ऐवजी सत्याचं नाव घ्यायला गांधीजी तयार झाले. पुढे त्यांची हत्या झाली आणि ते लग्न १९४८ मध्ये सेवाग्रामलाच लागलं. या सगळ्यात गांधीजींची श्रद्धा तसूभरही कमी झाली नव्हती हे लक्षात घ्या, तुम्हालाही स्वतःची श्रद्धा पातळ करायची काही गरज नाही. मित्राबरोबर करता येईल असं एखादं काम मात्र नक्की शोधा, नुसतं समोरासमोर बसलात की तोच विषय परत परत मधे येणार.

प्रश्न : आमच्या मित्रांच्या ग्रुपवर वेगवेगळ्या धर्मांचे लोक आहेत. एकाने एका धर्माची टिंगल करणारं फॉरवर्ड टाकलं. त्या धर्माचा जो मित्र आहे तो काहीच बोलला नाही, बाकीच्यांनी हसण्याच्या इमोजी टाकल्या. मी पण गप्प राहिलो. आता काही बोलण्यात अर्थ आहे का?

उत्तर : आहे, आणि आजच बोला. गॉर्डन ऑलपोर्ट या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्येच मांडलं होतं की वेगवेगळ्या गटांतले लोक नुसते एकत्र आले म्हणून पूर्वग्रह कमी होत नाहीत, त्यासाठी एकत्र येणाऱ्यांचा दर्जा सारखा असावा लागतो. ज्या ग्रुपवर एकावर जोक होतो आणि त्याने खेळीमेळीने घ्यायचं असतं तिथे दर्जा सारखा नाही. ग्रुपवर लिहा की मला हे आवडलं नाही, लांबलचक भाषण नको आणि त्या मित्राचं नाव तर अजिबात मधे आणू नका, नाहीतर त्याला सगळ्यांपुढे स्वतःची बाजू मांडत बसावं लागेल. आणि त्याला वेगळा फोन करा. 'तू मनावर घेऊ नकोस' असलं काही सांगू नका, त्याला काय वाटलं ते विचारा आणि तो जे सांगेल ते ऐकून घ्या, त्यात तुमच्याबद्दलची नाराजी असली तरी.