हातात डंबेल धरून ठोसे मारू नकोस

पेडणे,
रविवार रात्र

बाय,

काल म्हापशाच्या त्या नव्या जिममध्ये तू आरशासमोर शॅडो बॉक्सिंग करत होतीस, म्हणजे हवेत ठोसे मारत होतीस. दोन्ही हातांत तीन-तीन किलोचे डंबेल. मी दाराशीच उभा होतो. आत आलो नाही, कारण चार पोरांसमोर तुला बोलणं बरं दिसलं नसतं. व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं तर तू अंगठा दाखवून मोकळी होशील, म्हणून कागदावर लिहितोय.

आधी डंबेलचं. जड हाताने शंभर ठोसे मारले की रिकामा हात विजेसारखा सुटेल, असा तुझा हिशेब असणार. माझाही एके काळी होता. पण डंबेल ओढतो खाली आणि तुझा जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, जातो समोर. ते तीन किलो पेलून धरायचं काम खांद्याच्या पुढच्या भागावर पडतं. जॅब पुढे ढकलणाऱ्या स्नायूंच्या वाट्याला फारसं काही येत नाही. हाताला हळू जायची सवय लागते ती वेगळीच. काल विसाव्या-पंचविसाव्या ठोशानंतर तुझी मूठ हनुवटीशी परत यायची ती छातीशी येऊन थांबत होती आणि उजवं कोपर बरगडी सोडून बाहेर आलं होतं. थकलेला खांदा असाच वागतो. हीच सवय रिंगमध्ये नेलीस तर समोरच्या मुलीला हनुवटी शोधावी लागणार नाही.

मग वजनं उचलायचीच नाहीत का? माझे उस्ताद तसंच म्हणायचे. 1993 साली मी 60 किलोत खेळायचो. लोखंडाला हात लावलास तर अंग आखडेल, हात जड होतील, हा त्यांचा नियम. त्यांनाच कशाला दोष देऊ, तेव्हा बॉक्सिंगवाले जवळजवळ सगळे हेच मानत. दोरी, धावणं, बॅग, जोर-बैठका, बस्स. मी चोरून एका जिमला जायला लागलो. तिथे भिंतभर बॉडीबिल्डरांची पोस्टर, आणि माझा अभ्यासक्रमही तोच: छाती, दंड, परत छाती. चार महिन्यांत शर्टाच्या बाह्या दंडात रुतायला लागल्या आणि मी हवेत. काट्यावर 62 भरले. 60 चा गट हातचा गेला, पुढचा होता 63.5 चा. तिथे गाठ पडली ती मुळातच त्या वजनाच्या, माझ्यापेक्षा वीतभर उंच पोराशी. पहिला राउंड रेटून नेला. दुसऱ्यात खांदे पेटले. तिसऱ्यात गार्ड, म्हणजे तोंडापुढचे हात, वर राहीना, रेफ्रीने मला उभं करून आठपर्यंत मोजलं. परतीच्या बसमध्ये उस्ताद एवढंच बोलले, "सांगितलं होतं."

मी त्यातून भलताच धडा घेतला. पुढे स्वतः शिकवायला लागल्यावर दहा-बारा वर्षं मीही पोरांना लोखंडाजवळ जाऊ दिलं नाही. त्यातल्या दोघांचे खांदे कायमचे अधू झाले. हजारो ठोसे पुढे मारायचे आणि तो हात थोपवणाऱ्या पाठीच्या, खांद्यामागच्या स्नायूंना कधी काही द्यायचं नाही, याचा हा परिणाम. ते माझ्याच खाती जमा आहे.

मला हे उमगलं मोरजीच्या किनाऱ्यावर, रापण म्हणजे मासेमारीचं मोठं जाळं दोराने ओढताना. दोराला हात लावायला मी गेलो होतो तो निव्वळ हौसेने. माझ्या पुढे साठीचा एक काका, अंगाने काडी. दहा मिनिटांत माझे हात गळाले; तो आपला शेजाऱ्याशी गप्पा मारत ओढतोय. मग नीट पाहिलं. टाच वाळूत रुतवायची, गुडघा जरा मोडायचा, आणि पाय ताठ करत अख्खं अंग मागे न्यायचं. त्याचे हात जवळजवळ सरळ होते. हातांचं काम फक्त दोर धरायचं. मी मात्र दंडाने समुद्र ओढायला निघालो होतो.

ठोसा असाच तर असतो. मागचा पाय जमीन ढकलतो, टाच फिरते, कंबर वळते, पोट-पाठ तो जोर वर नेतात, आणि मूठ सगळ्यात शेवटी पोचते. 1980 च्या दशकात सोव्हिएत संघात बॉक्सरांचे ठोसे मोजले गेले होते. वरच्या दर्जाच्या बॉक्सरांच्या ठोशातला एक-तृतीयांशाहून जास्त वाटा पायांचा निघाला; खालच्या दर्जाच्यांत त्याच्या निम्माही नाही. म्हणून तुझ्यासाठी वजनाचं पहिलं काम पायांचं आणि कमरेचं. दंडांना वेळ उरला तर.

रापणीच्या दोराला घाई नसते, तुझ्या क्रॉसला, मागच्या हाताच्या सरळ ठोशाला, असते. स्नायूला आपला पुरता जोर लावायला साधारण सेकंदाचा तिसरा हिस्सा तरी लागतो. ठोसा त्याआधीच लागलेला किंवा हुकलेला असतो. त्यामुळे नुसती जड बैठक मारून भागत नाही. जडाने जोराची शिदोरी वाढते, पण ती झटक्यात बाहेर काढायला वेगळं शिकावं लागतं: उडी, भिंतीवर मेडिसिन बॉल फेकणं, तोच डोक्यावरून जमिनीवर आपटणं. तीन-चार किलोचा बॉल पुरे. चार-पाच फेकी, पण प्रत्येक जीव तोडून, आणि मधे पूर्ण दम खाऊन. धापा टाकत वीस फेकलेस तर तो दमसासाचा व्यायाम झाला. त्यासाठी बॅग आहे, राउंड आहेत.

अजून एक गोष्ट, जी शिगम्यात ढोल वाजवणाऱ्याला न शिकवता कळते. नवशिका पोरगा काठी आवळून धरतो आणि रोमटं, म्हणजे शिगम्याची मिरवणूक, चौकात पोचेस्तोवर त्याचं मनगट संपतं. जाणता वादक काठी सैल ठेवतो, फक्त थाप पडताना आवळतो. ठोशाचंही असंच मोजलेलं आहे: निघताना स्नायू एकदा आवळतात, वाटेत सैल पडतात म्हणून हाताला वेग मिळतो, आणि मूठ लागायच्या क्षणी पुन्हा आवळतात. त्या दुसऱ्या आवळण्यामुळे मुठीमागे मनगट, खांदा, धड असं सगळं अंग उभं राहतं. चांगला बॉक्सर हे दुसरं आवळणं अचूक वेळेवर करतो. दिवसभर छाती-दंड फुगवून आलेला मधे सैलच पडत नाही. उस्ताद ज्याला ‘अंग आखडणं’ म्हणायचे ते बहुतेक हेच. रोग त्यांनी बरोबर ओळखला होता, फक्त दोष सगळ्या लोखंडाला दिला.

तू मला इव्हँडर होलिफिल्डचा व्हिडिओ पाठवला होतास, "सर, हा बघा कसा वजनं मारतो" म्हणून. खरंय. 1988 मध्ये तो क्रूझरवेटमधून त्याच्या वरच्या हेवीवेट गटात गेला. त्याला ताकद आणि वजन वाढवायला बॉडीबिल्डिंगमध्ये आठ वेळा मिस्टर ऑलिंपिया झालेल्या ली हेनीने मदत केली, आणि ऑक्टोबर 1990 मध्ये त्याने बस्टर डग्लसला तिसऱ्या राउंडमध्ये पाडून किताब घेतला. वजनांबद्दलची जुनी समजूत मोडायला त्याचा मोठा हात आहे. पण हेवीवेटला वर मर्यादाच नसते. त्याला अंगावर मांस चढवायचंच होतं. तुला प्रत्येक किलोचा हिशेब द्यायचाय. पॅरिसला 2024 मध्ये मुलींसाठी सहाच गट होते: 50, 54, 57, 60, 66 आणि 75. तू 54 ची. तीन किलो चढलीस तर समोर 60 वरून उतरलेली मुलगी येईल. मेरी कोमचं बघ. सहाही जागतिक किताब तिने 48 किंवा त्याखालच्या गटात जिंकलेले, आणि 2012 मध्ये लंडनला सगळ्यात खालचा गट निघाला 51 चा. तिने त्यात कांस्य आणलं. उपांत्य फेरीत ब्रिटनच्या निकोला अ‍ॅडम्सशी हरली तेव्हा दोघींच्या अंगलटीतला फरक टीव्हीवरही दिसत होता.

म्हणून घाबरून वजनं सोडायची नाहीत, मारायची पद्धत बदलायची. बारा-बारा रेप्सचे, म्हणजे सलग बारा-बारा वेळा उचलायचे ढीगभर सेट, शेवटचा रेप कण्हत, वर भरपूर खाणं, यातून मांस वाढतं. चार-पाच रेप्स, दोन-तीन मिनिटं विश्रांती, आणि अजून दोन होतील असं वाटताना बार खाली, यातून ताकद वाढते आणि काटा फारसा हलत नाही. सुरुवातीच्या महिन्या-दोन महिन्यांत तर वाढलेली ताकद बरीचशी मज्जातंतूंचीच असते. मेंदू आहे तेच स्नायू जास्त चांगले कामाला लावायला शिकतो.

हे आईलाही सांग. पोरगी पुरुषासारखी दिसायला लागेल, असं ती मला दोनदा म्हणाली. दर शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात ती हरमलच्या मिरच्यांची पोती टेम्पोतून उतरवते. तिचे दंड कुठे फुगलेत? (हे तू सांग, मी सांगितलं तर चहा मिळायचा नाही.)

आता प्रत्यक्ष. आठवड्यातून दोनच दिवस, सोमवार आणि शनिवार. शुक्रवारी बाजाराची ओझी असतात, गुरुवारी स्पॅरिंग, म्हणजे जोडीदाराशी सरावाची लढत, असते. स्पॅरिंगच्या आदल्या दिवशी पायांना जड काम नको. बॉक्सिंग आणि वजनं एकाच दिवशी आली तर आधी बॉक्सिंग. ताज्या पायांवर पहिला हक्क फूटवर्कचा.

पायांसाठी डेडलिफ्ट, म्हणजे जमिनीवरून बार उचलणं, तीही जिममध्ये षटकोनी ट्रॅप बार असेल तर त्याने, पाठीला सोपी जाते. त्याच्या जोडीला एक पाय पुढे ठेवून बैठक, कारण रिंगमध्ये तू दोन्ही पाय समांतर ठेवून कधी उभी राहतेस? ओढायला रो, म्हणजे वजन पोटाकडे ओढणं, आणि पुल-अप. तुला दोनच पुल-अप येतात ते मला माहीत आहे, रबर बांधून कर. ढकलायला बेंच प्रेस नको. बारचं एक टोक कोपऱ्यात टेकवून दुसरं टोक एका हाताने तिरकं वर ढकलायचं, त्यात कंबर आणि पायही कामाला लागतात. शेवटी दोन्ही हातांत जड डंबेल घेऊन ताठ चालणं. बघ, डंबेलला काम मिळालं. ढकलण्याचा एक सेट तर ओढण्याचे दोन, एवढं प्रमाण लक्षात ठेव. माझ्या त्या दोन पोरांची ही फी समज.

मानेचं काम मी समोर असतानाच करायचं. आधी डोक्याला तळहाताचा विरोध, बाकी नंतर. मान घट्ट असली की ठोशाने डोकं कमी हिसकतं असं मानतात आणि मलाही ते पटतं, पण त्याने मेंदूला विमा मिळत नाही. स्पॅरिंगनंतर डोकं दुखलं, मळमळलं, तर मला सांगायचं, मग तुझी मान कितीही जाड असो.

गेल्या गुरुवारी तू जिना उतरताना कठडा धरलास. विचारलं तर "काही नाही सर". मंगळवारी त्या ट्रेनरने तुझ्याकडून पायांचे सहा सेट काढून घेतले होते, हे मला तुझ्या मैत्रिणीकडून कळलं. असं दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असतं, म्हणजे बरोबर स्पॅरिंगला. त्या दिवशी तुझा मागचा पाय ओढला जात होता आणि तू बाजूने येणारे तीन हुक उभ्या उभ्या खाल्लेस. ट्रेनर वाईट माणूस नाही, त्याच्याकडे येणाऱ्यांना आरशात फरक दिसायला हवा असतो. त्याला माझा नंबर दे. स्पर्धेच्या आधीचे आठ-दहा दिवस जड काम उतरवत आणायचं, शेवटी फक्त बॉल आणि उड्या.

सकाळी नुसती पेज पिऊन येतेस ते बंद. पेज राहू दे, सोबत दोन अंडी किंवा चवळीची उसळ घे, दुपारी बांगडा आहेच. काट्यासाठी उपाशी राहून वजनं उचलणं म्हणजे विहिरीत पाणी नसताना पंप चालवणं. आपल्या स्पर्धांत लढतीच्या दिवशी सकाळी काटा असतो. पाच दिवसांत चार लढती असल्या तर चारदा. आपल्या दमट हवेत प्लॅस्टिकचा सूट घालून घाम काढणाऱ्या पोरी मी कोसळताना पाहिल्यात. आणि पाळी पुढे गेली, चुकली, तर लाजू नकोस. मला नको, पण माझ्या बायकोला सांग, ती डॉक्टरकडे नेईल. खाणं कमी पडत असल्याची ती खूण असू शकते.

उद्या साडेपाचला जिममध्ये ये. तुझे ते मऊ तळाचे धावायचे बूट नकोत, त्यात टाच डुगडुगते, बॉक्सिंगचेच घाल. वही आण, प्रत्येक सेट लिहायचा. आणि येताना घरातला झाडूचा एक सरळ दांडा घेऊन ये. पहिले दोन आठवडे तोच तुझा बार.

सर