आम्ही कॅलिफोर्नियात अर्व्हाइनला राहतो. इथे कुंपणावर दिसणारा काटेरी सरडा विषारी असतो का? त्याला घालवायचं कसं?

अजिबात विषारी नसतो. तुम्ही अर्व्हाइनला राहता म्हणजे तो वेस्टर्न फेन्स लिझर्डची ग्रेट बेसिन उपजात, सेलोपोरस ऑक्सिडेंटॅलिस लाँगिपीस. मुंग्या, कोळी, भुंगेरे खातो. त्याला घालवायचं कशाला?

याच सरड्यावरून आमच्या सॅन डिएगोच्या घरात भांडण झालंय, म्हणून लिहितेय. भावजी तेव्हा आमच्याकडे राहायला होते. मुलं अंगणात खेळतात, चावला तर काय, असं म्हणून त्यांनी गराजच्या दाराशी गोंदाचे सापळे लावले. नाव उंदरांचं. सकाळी पाहिलं तर एक नर पोटावर चिकटलेला, डोळे उघडे, बरगड्या भराभर हलत होत्या. मी खायचं तेल कापसाच्या बोळ्याने थेंब थेंब सोडत एकेक पाय मोकळा केला. खवल्यांना टोकं असतात ना, प्रत्येक टोकाला गोंदाची तार लागलेली. पोट सुटलं तेव्हा दोन्ही बाजूंचे गर्द निळे पट्टे दिसले. शेपूट मात्र तुटून सापळ्यावरच राहिलं आणि वळवळत होतं. ‘एका सरड्यासाठी एवढं?’ म्हणाले.

हो, एवढं! हेच भावजी डोंगरात फिरून आले की गोचीड लागली का म्हणून पायजमा झटकत बसायचे. लाईम रोग, म्हणजे गोचीड चावून होणारा जंतूंचा आजार, पसरवणारी इथली गोचीड लहान असताना याच सरड्याच्या कानामागे चिकटून रक्त पिते, आणि त्याच्या रक्तातला एक घटक तिच्या पोटातले लाईमचे जंतू मारतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथल्या संशोधकांनी हे १९९८ सालीच दाखवलंय.

आता हेही खरं, की सरडे आहेत म्हणून गोचीड कमी होते असं नाही. सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या मरीन काउंटीत काही जागांवरून सरडे काढून पाहिले, तर तिथे जंतू असलेल्या लहान गोचिडी उलट कमी झाल्या. २०११ सालचा अभ्यास आहे. त्यामुळे फिरून आल्यावर अंग तपासाच. पण म्हणून सरडा वैरी ठरत नाही, आणि भावजींचं म्हणणं तर मुळीच खरं ठरत नाही. तो चावतो तो हातात दाबून धरला तरच, आणि तेही नावापुरतं.

घरात शिरला तर वर डबा ठेवा, खालून पुठ्ठा सरकवा, बाहेर सोडा. शेपटीला धरू नका. आणि गोंदाचे सापळे आणले असतील तर आजच कचऱ्यात टाका, उंदरांसाठीसुद्धा ठेवू नका.