छोट्या कामाचे पैसे कसे लावायचे

"पाचच मिनिटांचं काम आहे" असं क्लायंट म्हणाला की तू "द्या काहीही" म्हणतोस, ते आधी बंद कर. मीही सुरुवातीला तेच करायचो. एका दुकानदाराच्या टॅलीत, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये, जीएसटीचा दर चुकीचा पडत होता. दुरुस्ती दहा मिनिटांची. पण त्याआधी दोन फोन, त्याचा संगणक दुरून चालवण्यासाठी एनीडेस्कची जोडणी, डेटाचा बॅकअप, नंतर चार बिलं काढून खात्री. दीड तास गेला आणि पैसे मी दहा मिनिटांचे घेतले. आजही हळहळ वाटते.

म्हणून किमान आकार, म्हणजे कमीत कमी किती पैसे घ्यायचे ते, ठरव. माझा दोन तासांचा आहे. काम वीस मिनिटांत झालं तरी तेवढाच. कामाला हात लावण्यापूर्वी व्हॉट्सॲपवर रक्कम लिहून पाठव आणि "चालेल" असं उत्तर येऊ दे. तोंडी ठरलेलं पुढे कुणालाच आठवत नाही.

वारंवार फोन करणाऱ्याला दहा तास आगाऊ विकत घ्यायला सांग, दरात थोडी सूट दे. नवीन माणसाकडून निम्मे पैसे आधी घे. संकोच वाटेल, पण घेच.

कंपनीने टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच आयकर, कापला तर घाबरू नकोस, आयकर खात्याच्या पोर्टलवर तुझ्या नावावर जमा दिसतोय का ते बघ. आणि उद्यम नोंदणी, म्हणजे लहान व्यवसायांची सरकारी नोंदणी, करून ठेव, ती मोफत आहे. लहान व्यवसायांसाठीच्या 2006 च्या एमएसएमईडी कायद्यानुसार लेखी करार असला तरी पैसे 45 दिवसांपलीकडे थकवता येत नाहीत. हे बिलावरच छाप.